सपाट पत्रा आणि वळणदार मोटार

धाराशिव जिल्ह्यांतील कोणत्याहि गांवांत पत्रा हा घरचाच जिन्नस आहे. गोठ्याचें छप्पर पत्र्याचें, धान्याची कोठी पत्र्याची, माजघरांतली ट्रंक पत्र्याची. आणि भूम-परंड्याकडे गेल्यास खव्याची कढईहि पत्र्याचीच. या सर्व वस्तु एकाच जातीच्या वाटल्या तरी त्यांत एक मोठा भेद आहे, आणि ज्याला घरच्या अंगणांत स्वतःच्या हातानें मोटारीची बॉडी घडवावयाची असेल त्यानें सर्वांत आधीं तो भेद ओळखला पाहिजे. छप्पर, कोठी व ट्रंक यांचा पत्रा एका जागीं एकाच दिशेनें वळलेला असतो. कोठीचा सांधा उकलला तर तिचा पुन्हा सपाट चौकोन होईल. कढई मात्र अशी उलगडतां येत नाहीं. ती सपाट करूं गेल्यास कांठाशीं फाटेल, नाहीं तर मध्यें चुरगळेल, कारण ती एकाच वेळीं दोन दिशांनीं वळलेली आहे. मोटारीचा मडगार्ड, बॉनेटचें नाक, दरवाजाचा फुगीर भाग हीं सारीं कढईच्या कुळांतलीं. ट्रंका करणारा उत्तम कारागीर येथें थबकतो आणि तांबट पुढें जातो.

मोटारीची बॉडी म्हणजे प्रचंड दाबयंत्राखालून निघणारी वस्तु. ती घरीं कशी होणार, असा प्रश्न सुशिक्षित घरांतून हमखास विचारला जातो. वस्तुतः मोटारीच्या आरंभींच्या काळांत यंत्र व चासी एका कारखान्याची असे आणि बॉडी बांधणारे बहुधा निराळे असत. त्यांतले पुष्कळसे पूर्वीं बग्ग्या बांधणारे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं रोल्स-रॉइस कंपनीहि गिऱ्हाइकाला चासीच विकी. ज्या सातव्या निजामांवरून या जिल्ह्यास दीर्घकाळ उस्मानाबाद हें नांव होतें (२०२३ सालीं धाराशिव हें जुनें नांव अधिकृतपणें परत आलें), त्यांच्या संग्रहांतली प्रसिद्ध पिवळी सिंहासनी मोटार मुळांत त्यांच्या वडिलांसाठीं मागविलेली. तिची चासी रोल्स-रॉइसची, परंतु बॉडी लंडनच्या बार्कर या बग्गीवाल्या पेढीनें बांधलेली होती. इंग्लंडांतल्या मॉर्गन मोटारींत तर आजहि ॲश नांवाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर धातूचा पत्रा हीच जुनी रीत चालते.

दाबून घडविलेल्या पोलादाशीं आपल्या भागाची ओळख तशी जुनी आहे. १८९७ सालीं सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेसाठीं एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्यानें लीड्स येथून जीं डब्या-वाघिणींचीं सामानें आणविलीं, त्यांच्या सांगाड्यांत असेंच पोलाद वापरलेलें होतें. आणि ती अडीच फुटी रूळवाट पुढें तडवळ्यावरून १९११ सालीं लातुरास पोंचली. मोटारींच्या धंद्यांत सबंध पोलादी बॉडीची रीत अमेरिकेंतल्या एडवर्ड बड यानें १९१४ च्या सुमारास रुजविली. दाबयंत्राचा फायदा उघड आहे: एकदा ठसा झाला कीं एकासारखे एक हजारों नग निघतात. परंतु तो ठसा करण्याचा खर्चच एवढा असतो कीं हजारों नग निघाल्यावांचून तो फिटत नाहीं. ज्याला एकच नग हवा आहे त्याला हातोडा स्वस्त पडतो. मोठ्या कारखान्यापुढें घरच्या कारागिराचा निभाव लागतो तो या एका हिशेबावर, हौसेवर नव्हे.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. पगडी बांधणाऱ्याजवळ जसें कलबूत असे, तसें येथें लाकडी कलबूत लागतें. मोटारीचा आकार आधीं कागदावर खऱ्या मापानें काढून घ्यावा, तिचे आडवे छेद ठराविक अंतरावर पाडावेत, आणि त्या छेदांच्या फळ्या कापून एका चौकटींत उभ्या कराव्या. कणा आणि फासळ्या असलेलें जनावर उभें राहिल्यासारखें तें दिसतें. प्लायवुडाच्या फळ्या सोईच्या. लाकडाऐवजीं सहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी सळईचाहि सांगाडा करतात. पुष्कळांचा समज असा होतो कीं पत्रा या कलबुतावर ठेवून वरून ठोकावयाचा. तसें केल्यास फळ्या फुटतात आणि पत्र्यावर त्यांच्या कडा उमटतात. कलबूत हें माप पाहण्यासाठीं आहे. पत्रा दुसरीकडे घडवावा, वरचेवर आणून कलबुतावर बसवून पाहावा, जेथें उजेड दिसेल तेथें खडूनें खूण करावी आणि परत न्यावा. एका मडगार्डासाठीं ही ये-जा शेंकडों वेळां होते.

यापुढच्या पायरीला घरांतल्या स्त्रियांचें शिवणकामाचें ज्ञान पुरुषांच्या गणितापेक्षां अधिक उपयोगीं पडतें, असें आम्हांस निःसंकोचपणें वाटतें. कलबुताच्या ज्या भागाचा पत्रा करावयाचा, त्यावर जाड तपकिरी कागद पसरून हातानें चापून बसवावा. तो नीट बसणार नाहींच. कांहीं ठिकाणीं त्याला चुण्या पडतील. कांहीं ठिकाणीं ताणून फाटूं पाहील व तेथें कात्रीनें चीर द्यावी लागेल, आणि ती चीर उघडून तोंड वासेल. चुणी पडली तेथें कागद जास्त झाला. म्हणजे तेथें धातु आटवावयास हवा. चीर उघडली तेथें कागद कमी पडला. म्हणजे तेथें धातु ताणावयास हवा. जिनें खणाची चोळी बेतली आहे तिला हें शिकवावें लागत नाहीं. कापडाच्या चुणीला ती टीप घालते अथवा कळी लावते. लोहाराला तेंच हातोड्यानें करावें लागतें, एवढाच फरक. आणखी एक गोष्ट चोळीवरूनच शिकण्यासारखी आहे. चोळी एका अखंड तुकड्याची होत नाहीं. नवशिक्यानेंहि सबंध मडगार्ड एकाच पत्र्यांत काढण्याची ईर्ष्या धरूं नये. तीन-चार तुकडे करावेत, प्रत्येकांत वळण थोडें ठेवावें, आणि मागाहून सांधावेत.

ताणणें आणि आटविणें या दोनच क्रियांवर हें सारें शास्त्र उभें आहे. ताणणें सोपें. चामड्याच्या वा जाड किंतानाच्या पिशवींत कोरडी बारीक वाळू ठासून भरावी, पत्रा तिच्यावर धरावा आणि गोल तोंडाच्या लाकडी मोगरीनें खोलगट घाव घालावेत. वाळूची पिशवी नसली तर बाभळीच्या ओंडक्यांत कोरलेली खळगी तेंच काम करते. पण ताणतांना धातु कोठून तरी येत नाहीं. क्षेत्र वाढलें कीं जाडी घटते. १·२ मिलिमीटरच्या पत्र्याचें क्षेत्र पाव पटीनें वाढविलें तर जाडी ०·९६ वर येते. शाळेंतली भूमिति येथें आठवावी. वर्तुळाचें जेवढें क्षेत्रफळ, त्याच त्रिज्येच्या अर्धगोलाच्या पृष्ठाचें त्याच्या बरोबर दुप्पट. तेव्हां चकतीचा कांठ न हलवितां केवळ मध्य खोल खोल करीत अर्धगोल काढूं म्हटलें तर पत्रा सरासरी निम्म्या जाडीचा उरेल. प्रत्यक्षांत तो त्याआधींच मध्यें फाटेल. तांबट हें पिढ्यान् पिढ्या जाणतो. तो मोठी चकती घेतो आणि कांठ आंत आंत आणीत जातो.

हा कांठ आंत आणणें म्हणजेच आटविणें, आणि खरें कसब तेथें आहे. पत्र्याच्या कांठाला मुद्दाम एक चुणी पाडावयाची, तिचें तोंड ठोकून बंद करावयाचें म्हणजे ती पळून जात नाहीं, आणि मग आंतून बाहेरच्या दिशेनें तिला ठोकीत ठोकीत सपाट करावयाचें. अडकलेली चुणी जाते कोठें? ती पत्र्याच्या जाडींत जिरते. कांठ आंखूड होतो आणि तेवढाच जाड होतो. घाई झाली व चुणी दुमडून एकमेकींवर पडली तर तेथें कायमची भेग येते. मग तो तुकडा टाकून द्यावा, रडत बसूं नये.

ठोकून ठोकून धातु कडक होतो. कांहीं वेळानें मोगरीचा आवाज बदलतो, तो टणत्कार ऐकूं आला कीं पत्रा तापवून मऊ करावा. पोलाद लाल होतें म्हणून त्याचा अंदाज डोळ्यांना येतो. ॲल्युमिनियम मोठें कपटी; ६६० अंशांना तें वितळतें, पण तोंवर रंग बदलून इशारा देत नाहीं, आणि पाहतां पाहतां हातांतला पत्रा गळून पडतो. यावर कारागिरांनीं काढलेली युक्ति गमतीची आहे. पत्र्यावर अंगाच्या साबणाच्या रेघा ओढाव्या आणि मागून ज्योत फिरवावी. रेघा तपकिरी होऊन काळ्या पडल्या कीं सुमारें साडेतीनशें अंश झाले असें समजून ज्योत काढावी.

आकार आल्यावर पृष्ठ गुळगुळीत करण्याचें काम उरतें. यासाठीं आपल्या भाषेंत सुंदर शब्द आहे: मठारणें. खालीं योग्य गोलाईचा लोखंडी टेकू, वर सपाट चकचकीत तोंडाचा हलका हातोडा, आणि एकावर एक लागून पडणारे शेंकडों घाव. तांब्याच्या घागरीवर जे लहान लहान चंद्र दिसतात ते या मठारकामाचेच. मोटारीवर ते राहूं द्यावयाचे नसतात, म्हणून शेवटीं कानस फिरवून उंच-सखल पाहावें. डोळ्यांपेक्षां हात खरा. सुती हातमोजा घालून, डोळे मिटून, पत्र्यावरून लांब हात फिरवावा. जी खोंच डोळ्यांना दिसली नाहीं ती तळहाताला लागते.

येथें एक कडू गोष्ट बोलणें प्राप्त आहे. हें ज्ञान आपल्या गांवांत होतें. तें ज्यांच्याजवळ होतें त्यांना आपण ओसरीच्या खालींच बसविलें. भांड्याला कल्हई किंवा ठोक्याचें काम निघालें म्हणजे कासार-तांबटाची आठवण व्हावी, आणि मुलगा हातोडा घेऊन बसला तर ‘हें काय भिकेचे डोहाळे’ म्हणून त्याच्या हातचा हातोडा काढून घ्यावा, असाच आपल्या घरांचा शिरस्ता. पुढें स्टेनलेस स्टील आलें, तांब्याचीं भांडीं माळ्यावर गेलीं, आणि गांवोगांवचे तांबट दुसऱ्या धंद्यांना लागले. पुण्याच्या तांबट आळींत मठारण्याचा आवाज अजून ऐकूं येतो. लहान गांवांत तो विरळा. दुसरा वारसदार म्हणजे गॅरेजांतला डेंटर. वृद्ध डेंटर ठोकून मडगार्ड मूळ पदावर आणतो. नव्या रिवाजांत मात्र सबंध भाग बदलतात, अथवा खड्ड्यांत पुट्टी भरून वरून रंग मारतात. तेव्हां ज्याला शिकावयाचें आहे त्यानें अशा एखाद्या म्हाताऱ्या डेंटरच्या दुकानीं जाऊन बसावें, पडेल तें काम करावें व त्याला मास्तर म्हणावें. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून ‘शीट मेटल वर्कर’ असा स्वतंत्र अभ्यासक्रमहि आहे. पदवीधराला तो हलका वाटण्याचें कारण नाहीं.

अभियंत्याची पदवी नसतांना मोटार करूं पाहणाऱ्या मराठी माणसाचें मोठें उदाहरण इचलकरंजीचें आहे. शंकरराव कुलकर्णी यांनीं १९४९ सालीं आपल्या ‘मीरा’ या लहान मोटारीचा पहिला नमुना तयार केला. कुलकर्णी म्हटलें कीं बोरू आणि दप्तर डोळ्यांपुढें येतें. या कुलकर्ण्यांनीं यंत्र मागच्या बाजूस असलेली, मध्यमवर्गास परवडेल अशी स्वदेशी मोटार डोळ्यांपुढें ठेवली आणि एकामागून एक सुधारलेले नमुने करीत ते थेट १९७० नंतरच्या काळापर्यंत आले. बारा हजार रुपयांच्या आसपास ती विकावी असा त्यांचा हिशेब होता. नमुने रस्त्यावर धांवले. कारखान्यांतून गाड्यांची रांग मात्र निघाली नाहीं, आणि १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आल्यावर स्वस्त लहान मोटारीची ती जागा भरून गेली. पत्रा वळविणें आणि यंत्र चालविणें एवढें साधलें तरी परवाना व भांडवल हीं दोन दारें निराळींच असतात, हें त्या पंचवीस-तीस वर्षांच्या खटाटोपावरून दिसतें.

धाराशिवांत बसून हें काम करणारास साहित्याची अडचण फारशी नाहीं. चांगला पत्रा सोलापुरास मिळतो. बाजारांत ज्याला सी. आर. म्हणतात तो गार लाटलेला मऊ पोलादी पत्रा घ्यावा, जाडी ०·९ मिलिमीटर. आठ फूट लांब व चार फूट रुंद पत्र्याचें वजन सुमारें एकवीस किलो भरतें. दोन माणसांच्या उघड्या गाडीला समजा आठ चौरस मीटर पत्रा लागला, तर त्याचें वजन सत्तावन्न किलोच्या घरांत जाईल. १·२ मिलिमीटरचें ॲल्युमिनियम वापरल्यास सव्वीस. तरीहि पहिल्या कामाला पोलादच बरें, कारण तें सांधण्यास सोपें. छपराचा जस्ती पत्रा घरांत शिल्लक आहे म्हणून तो मात्र कदापि घेऊं नये. त्याला ज्योत लागली कीं जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातींत गेल्यास रात्रीं थंडी वाजून ताप भरतो. सांध्याचें म्हणाल तर गॅसचा सांधा जुना व मंद खरा, पण तो मऊ राहतो आणि वरून मठारतां येतो. विजेचा सांधा झटपट होतो व कठीण बसतो. स्वयंपाकघरांतला सिलिंडर या कामीं लावणें बेकायदेशीर आणि घातकहि आहे. कानांत बोळे, डोळ्यांना चष्मा, पत्रा कापतांना चामडी मोजे, हीं पथ्यें पाळावींत. शेजाऱ्यांची दुपारची झोंपहि सांभाळावी, कारण मठारण्याचा नाद चार घरें ओलांडून जातो.

कांठ कसा संपवावा याबद्दल थोडेंसें. उघडा कांठ हातहि कापतो आणि लुळाहि पडतो. बादलीच्या तोंडाला जशी आंत तार घालून पत्रा तिच्याभोंवतीं वळवितात तशीच तार मडगार्डाच्या कांठांत भरावी. एवढ्यानें लवलवणारा पत्रा ताठ होतो. ठोकलेल्या पोलादाला पहिल्या पावसाची वाट पाहावी लागत नाहीं, घामेजल्या हाताचा ठसाहि दुसऱ्या दिवशीं तांबडा उमटतो. म्हणून काम पुरें होईपर्यंत वरून तेलाचें बोट फिरवीत जावें आणि पुरें होतांच त्याच दिवशीं तेल पुसून अस्तराचा रंग द्यावा.

आतां ही बॉडी बसवावयाची कशावर? आजच्या बहुतेक मोटारींना निराळी चासी नसतेच. बॉडी हाच त्यांचा सांगाडा. ती कापली तर गाडीचा कणाच तुटतो, व अपघाताच्या वेळीं आंतल्या माणसाचें रक्षण करणारें कांहीं उरत नाहीं. जीप अथवा तत्सम जुन्या गाड्यांना निराळी चासी असते. हातकाम करावयाचें तर तसल्याच गाडीवर. तेथेंहि कायदा आडवा येतो, आणि आमच्या मतें तो सर्वस्वी अन्यायाचा नाहीं. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणें नोंदलेल्या गाडीच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि हेंच बजावलें. अगदीं नव्या गाडीचा नमुना रस्त्यावर आणावयाचा तर तो पुण्याची ए. आर. ए. आय. किंवा अहिल्यानगरची व्ही. आर. डी. ई. अशा अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि तो खर्च एका घरास पेलण्याजोगा नसतो. म्हणून ‘एम. एच. २५’ ची पाटी लावून आपल्या हातची मोटार तुळजापूरच्या रस्त्यानें न्यावी, हें स्वप्न ज्यानें त्यानें डोळे उघडे ठेवून पाहावें. जुन्या गाडीचा गंजलेला मडगार्ड मूळ बरहुकूम घडवून देणें, अथवा स्वतःच्या शेताच्या हद्दींत चालणारी लहान गाडी बांधणें, एवढीं दोन कामें मात्र कोणाच्याहि आड येत नाहींत, आणि हात बसण्यास तींच चांगलीं.

सांगली जिल्ह्यांतल्या देवराष्ट्रे गांवच्या दत्तात्रय लोहार यांनीं शिक्षण बेताचें असतां भंगारांतले भाग जमवून मुलासाठीं जीपसारखी छोटी गाडी बांधली. सुमारें साठ हजार रुपये खर्च आला आणि गाडी मोटारसायकलीसारखी किक मारून सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्यें तिचें चित्र सर्वत्र पोंचलें तेव्हां आनंद महिंद्र यांनीं त्यांच्या कल्पकतेची वाखाणणी केली, आणि ही गाडी नियमांत बसत नसल्यानें अधिकारी ती आज ना उद्यां थांबवितील हेंहि स्पष्ट सांगितलें. तिच्या बदल्यांत त्यांनीं नवी बोलेरो देऊं केली. जानेवारी २०२२ मध्यें बोलेरो लोहारांच्या दारांत आली, आणि घरीं बांधलेली ती गाडी कंपनीकडे गेली.